कुंपणाबाहेरची ओळ



ज्याने जन्मभर दुसऱ्यांना सांगितले, त्याच्यावर म्हातारपणी स्वतःचे ऐकायची पाळी येते. मी आटगावचा. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या गावांतून, वाड्या-पाड्यांवरून पंचेचाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. सप्ताह कुणाचाही असो, काल्याचे कीर्तन बहुधा माझ्याकडे यायचे. चार वर्षांपूर्वी आधी गुडघे गेले, मग गळा बसला तो बसलाच. आता वारी पायी होत नाही आणि कीर्तनही होत नाही. सकाळी हरिपाठ, संध्याकाळी मंदिरात टाळकऱ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसणे, आणि मधला सगळा वेळ घरामागचे परस.

लोक विचारतात, “बुवा, वारी चुकली तर जीव लागत नसेल?” मी त्यांना अरणच्या सावता महाराजांचे नाव सांगतो. त्यांनी मळ्यातच पंढरी पाहिली, आणि पांडुरंगाची पालखी आजही त्यांच्या भेटीला अरणला जाते. हे सांगितले की विचारणारा गप्प होतो आणि मलाही बरे वाटते. पण माऊली, मळा करणे सोपे आहे, सावता होणे सोपे नाही. हे मला गेल्या माघात कळले, आणि तेही वाटाण्याच्या सात शेंगांवरून. तीच गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवतो. गोष्टीच्या पोटात एक प्रश्न आहे: जे आपण देवासाठी राखून ठेवतो, ते नक्की कुणाचे असते?

आमच्याकडे वाटाणा हे घरचे पीक नव्हे. आमचे पीक भाताचे. भात कापले की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल आणि हरभरा. वाटाणा बाजारातून यायचा, तोही पुरंदर-सासवडकडचा. आळंदीहून माऊलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, त्या वाटेवर मी पावसाळ्याच्या तोंडाशी वाटाण्याची रोपे पाहिली होती. पण आपल्या परसात लावावा असे कधी सुचले नाही. गेल्या दिवाळीला नातू मुंबईहून बियाण्याचे पाकीट घेऊन आला. म्हणाला, “आजोबा, हा शुगर स्नॅप. सोलायचा नाही, सालीसकट खायचा.”

मला ते खरे वाटेना. आपल्या वाटाण्याच्या सालीला आतून एक चिवट पापुद्रा असतो, तो दाताखाली येतो, म्हणून आपण साल गुरांना घालतो. नातवाने समजावले की या जातीच्या सालीत तो पापुद्रा नसतो आणि साल जाड व रसाळ असते. अमेरिकेतल्या कॅल्विन लॅमबॉर्न नावाच्या माणसाने जाड सालीचा एक वाटाणा आणि चपट्या शेंगेचा एक वाटाणा यांचा संकर करून ही जात तयार केली आणि १९७९ साली ती लोकांपुढे आली. पाकीट फोडले तर आत सुरकुतलेले, आक्रसलेले दाणे. मी म्हटले, बी खराब निघाले. नातू हसून म्हणाला, “सुरकुतलेलाच गोड असतो, आजोबा. गोल गुळगुळीत दाण्यातली साखर पिठात जास्त जाते.” आमच्या मंडळी चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, “सुरकुत्या पडल्या की गोडवा येतो म्हणे. इकडे कधी यायचा?”

याच सुरकुतलेल्या आणि गोल दाण्यांचा हिशेब युरोपातल्या एका मठातल्या साधूने ठेवला होता. ब्रनो गावचा मेंडेल. १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे त्याने मठाच्या बागेत सुमारे २८ हजार वाटाण्याची रोपे तपासली आणि आई-बापांचे गुण लेकरात कसे उतरतात याचा नियम शोधला. १८६६ साली ते छापले, पण फारसे कुणी लक्ष दिले नाही. १८८४ साली तो गेला, आणि जगाला त्याच्या कामाची किंमत कळली १९०० साली. लावणारा एक आणि फळ पाहणारे दुसरे. तेव्हा हे मी नुसते कौतुकाने ऐकले. पुढे ते उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

वाटाण्याला थंडी लागते. आमच्याकडे ती मार्गशीर्ष-पौषात येते आणि माघ सरता सरता निघून जाते. म्हणून मी कार्तिक वद्यात बी टोकले. कार्तिक वद्य त्रयोदशी, माऊलींच्या समाधीचा दिवस. जन्मभर त्या दिवशी आळंदीला असायचो. त्या दिवशी परसात होतो. दुपारी आळंदीत समाधीचा सोहळा चालू असेल, हे मनात धरून मी ओळी आखल्या. आमची माती तांबडी, मुरमाड. तिच्यात दोन पाट्या जुने शेणखत आणि पाचोळा कालवला होता. बी रात्रभर भिजवले होते. बोटाच्या एका पेराइतके खोल, दोन-दोन बोटांवर एकेक दाणा. डोळ्यांत पाणी होते, ते मातीत पडले असेल तर पडो.

आठवड्याने कोंब वर आले. वीतभर झाल्यावर वेलाला तारेसारखी बारीक बोटे फुटली. त्यांना तणावे म्हणतात. हवेत ती चाचपडत राहतात, आणि काही हाती लागले की घट्ट विळखा घालतात. मी कारवीच्या काठ्या रोवल्या, वर आडव्या बांबूला सुतळ्या बांधल्या. वेल माझ्या खांद्याएवढा चढला. पाणी सकाळी आणि फक्त मुळाशी. एका कोपऱ्यात भुरी पडलीच, तेव्हा आंबट ताक पातळ करून शिंपडले. कोवळे कोंब बुलबुल तोडतात, म्हणून जुनी जाळी टाकली. शेळ्यांसाठी करवंदीच्या काट्यांचे कुंपण घातले.

हे सविस्तर सांगतो त्याला कारण आहे. राखणीशिवाय बाग होत नाही. जो म्हणतो की सगळे देवाचे, मग कुंपण कशाला, त्याने कधी वाफा केलेला नाही. शेळीला वेल दिला तर शेंग शेळीलाही मिळत नाही आणि माणसालाही नाही. तेव्हा राखणे हा दोष नव्हे. दोष कुठे सुरू होतो, तेच पाहायचे आहे.

पौषात पांढरी फुले आली. पौष सरता सरता पहिल्या शेंगा भरल्या. एक तोडून खाल्ली. कडकन मोडली आणि उसासारखी गोड लागली. त्याच संध्याकाळी मंदिरात मी टाळकऱ्यांना सांगून बसलो, “यंदा माघी एकादशीची बारस माझ्या घरी सोडायची. परसातला वाटाणा आहे. असा तुम्ही जन्मात खाल्ला नसेल. पहिला बहर पांडुरंगाला, मग तुम्हाला.” सगळे म्हणाले, “वा बुवा!”

त्या “वा बुवा” मध्येच घात होता, माऊली. गळा बसल्यापासून चार वर्षांत तो शब्द मी ऐकला नव्हता.

तेव्हापासून मी शेंगा तोडेना. रोज सकाळी जायचे, मोजायचे आणि परत यायचे. आमच्या मंडळी म्हणाल्या, “अहो, भरलेल्या तरी काढा. निबर होतील. पुन्हा येतील की नव्या.” मी म्हटले, “देवासाठी राखल्या आहेत.” देवाचे नाव घेतले की घरात कुणी वाद घालत नाही. या सोयीसाठी आपण ते नाव किती वेळा घेतो, याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असेल.

आमच्या घराच्या पलीकडे हातपंप आहे. दिवाळीनंतर आमच्या भागातली पुष्कळ कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर राहायला जातात, ती पावसाच्या तोंडाशी आपापल्या पाड्यावर परततात. जवळच्या भट्टीवरची बायका-मुले पाण्याला या पंपावर येत. त्यांत एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची. डोक्यावर तिच्या मानाने मोठा हंडा घेऊन ती रोज माझ्या कुंपणावरून जायची. वेलाकडे बघायची. मीही तिला बघायचो.

एकादशीला तीन-चार दिवस उरले होते. दुपारी मी परसात आलो तर करवंदीच्या काट्यांत एक फट पडलेली आणि ती वेलापाशी उभी. तोंड हिरवे झालेले. फ्रॉकच्या ओच्यात शेंगा.

मी ओरडलो. गळा गेलेला माणूस मी, पण त्या दिवशी गळा कुठून आला कोण जाणे. “चोरटे! देवाचं आहे ते! हात लावू नकोस!” ती दचकली. ओचा सुटला, शेंगा खाली पडल्या. काट्यांतून अंग ओरखडून घेत ती पळाली. पंपावर भरायला लावलेला हंडाही तिने मागे टाकला.

आणि मग मी काय केले? खाली वाकलो. गुडघे वाकत नाहीत, तरी वाकलो. पडलेल्या शेंगा वेचल्या, मोजल्या. सात होत्या. पुसून टोपलीत ठेवल्या. देवाच्या होत्या ना!

तिचा हंडा संध्याकाळी आमच्या मंडळींनी भट्टीवर नेऊन दिला. परत आल्या, माझ्याशी काही बोलल्या नाहीत. ताट वाढताना एवढेच म्हणाल्या, “लेकराच्या हातावर काट्यानं रक्त आलं होतं.”

बारस आली. पांडुरंगाला नैवेद्य दाखवला, टाळकरी पंगतीला बसले. पहिल्या घासापासून मला दिसू लागले. एकेक जण तोंडातून हळूच दोरा काढून ताटाच्या कडेला ठेवीत होता. शेंगा निबर झाल्या होत्या. सालीत चिवट दोरे आणि आत पिठूळ दाणे. वाटाण्याची शेंग भरली की तिचा गोडवा फार दिवस थांबत नाही, दिवसागणिक साखर पिठात जाते. आमच्यातला सर्वांत जुना टाळकरी, तो कधी मुलाहिजा ठेवीत नाही. म्हणाला, “बुवा, वाटाणा चांगलाच होता. पण आठ दिवसांपूर्वी.”

सगळे हसले. मीही हसलो. आणि मनात आले की आठ दिवसांपूर्वी त्याची खरी चव फक्त दोघांनी घेतली. एक मी, आणि दुसरी ती. तिने खाल्लेल्या शेंगा उशिराच्या, तिसऱ्या-चौथ्या पेऱ्यावरच्या होत्या, त्या अजून कोवळ्या होत्या. लेकराने बरोबर हेरल्या होत्या.

त्या रात्री झोप लागेना. पडल्या पडल्या मनात काल्याचे कीर्तन सुरू झाले. पंचेचाळीस वर्षे सांगितलेले, त्यामुळे ते आपोआप चालते. गोकुळातला लहानगा कृष्ण, शिंके, मडके, लोणी, तोंड माखलेले. गवळणी यशोदेकडे गाऱ्हाणे घेऊन येतात. या ठिकाणी मी थांबायचो, गवळणीचा आवाज काढायचो, हात कमरेवर ठेवायचो, आणि मंडप हसून लोळायचा. कितीदा तरी! आणि मग मी आवाज उतरवून विचारायचो, “महाराज, देव चोरी का करतो? ज्याचे सगळे त्रैलोक्य, त्याला लोणी चोरायची काय गरज?” आणि उत्तरही मीच द्यायचो. गोकुळातले दूध-लोणी रोज मथुरेच्या बाजाराला जाते, कंसाच्या राज्यात जाते, आणि ज्या गोकुळाने गाई राखल्या त्या गोकुळाची पोरे मात्र कोरडी राहतात. म्हणून कृष्णाने सवंगड्यांना घेऊन मडकी फोडली. आमच्या तालुक्यात हे सांगताना मी एक पदर जोडायचो. तानसा आमच्या उशाशी, १८९२ पासून मुंबईला पाणी देते. भातसाही इथलीच. आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट बघतात. हे म्हटले की बायका माना डोलवायच्या. त्यांना मथुरा लगेच कळायची.

त्या रात्री मला पहिल्यांदा विचारावेसे वाटले: बुवा, तुमच्या शेंगा कुठल्या मथुरेला चालल्या होत्या?

गवळणीचा आवाज मी जन्मभर काढला, पण गवळण आपण असू शकतो हे कधी मनात आले नाही. कीर्तनात आपण नेहमी कृष्णाच्या बाजूला उभे असतो. श्रोतेही कृष्णाच्याच बाजूला असतात. मग गोकुळात गवळणी उरतात कोण? लोणी राखणारे, शिंके उंच बांधणारे, गाऱ्हाणे नेणारे कोण? माऊली, ती आपणच. आणि कृष्ण येतो तो पीतांबर नेसून येत नाही. आला असता तर आम्ही सगळ्या शेंगा त्याच्या पायावर ओतल्या असत्या. तो फाटक्या फ्रॉकमध्ये येतो, डोक्यावर हंडा घेऊन.

आता तुम्ही म्हणाल, बुवा भावनेत वाहवले. चोरी ती चोरी. मुलांना शिस्त नको का? आज शेंगा, उद्या आणखी काही. हा प्रश्न मीही स्वतःला विचारला, कारण तो खरा आहे. माझ्या वडिलांचा एक नियम होता. शेतातून जाणाऱ्याने भूक असेल तर खावे, पण बांधून नेऊ नये. वालाच्या शेंगा असोत, हरभरा असो, तोंडाला मुभा होती, फडक्याला नव्हती. त्या नियमाने तोंडातल्या शेंगा तिच्या हक्काच्या आणि ओच्यातल्या नव्हत्या. घरी धाकटे भावंड असेल, त्याच्यासाठी घेतल्या असतील, तरी विचारून घ्यायला हव्या होत्या. हे मी नाकारत नाही. शांतपणे म्हणता आले असते, “बाय, विचारून घे गं.” तेवढ्याने शिस्त लागली असती.

पण मी शिस्तीसाठी ओरडलो नव्हतो. मी ओरडलो होतो, “देवाचं आहे!” आणि ते खोटे होते. त्या शेंगा देवाच्या असत्या तर देवाच्या लेकराने खाल्ल्याने माझे काय गेले असते? त्या माझ्या होत्या. बारशीच्या पंगतीत जो “वा बुवा” मिळणार होता, त्याची ती सामग्री होती. मी मानाचे लोणी शिंक्यावर बांधले होते आणि शिंक्याला पांडुरंगाचे नाव दिले होते.

नैवेद्य म्हणजे काय, याचा विचार करा. आपण ताट देवापुढे ठेवतो, पाणी फिरवतो, डोळे मिटतो, आणि मग ताट उचलतो. त्यातला एक कणही कमी झालेला नसतो. तेवढाच भात, तेवढीच भाजी. मग झाले काय? ताटातले अन्न कमी व्हायचे नसतेच. कमी व्हायचे असते ते त्यातले ‘माझे’. ताट ठेवताना ते माझे असते, उचलताना ते प्रसाद असते, आणि प्रसादाला धनी नसतो. जो समोर येईल त्याच्या हातावर तो ठेवायचा. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत जे मागतात तेही असेच: पान, फूल, फळ, पाणी. ज्याच्याकडे काहीच नाही त्यालाही देता येईल असे. देणे हा कुणाचा मान होऊ नये, म्हणूनच मागणे इतके साधे असावे असे मला आता वाटते. माझ्या नैवेद्यातले अन्न जसेच्या तसे राहिले, आणि ‘माझे’ ही जसेच्या तसे राहिले. मग तो नैवेद्य कसला?

नाथ महाराजांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. रामेश्वरासाठी आणलेली कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली. मी ती शेकडो वेळा सांगितली, पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. ते पाणीही देवासाठीच राखलेले होते, आणि नाथांनी ते वाटेत इतका काळ खरेच राखले होते. राखणे चुकले नव्हते. वेळ आली तेव्हा हात आखडला नाही, एवढेच. राखण देवासाठी आहे की स्वतःसाठी, हे राखताना कळत नाही. सोडायची वेळ येते तेव्हा कळते.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या कोवळ्या शेंगा फडक्यात घेतल्या आणि काठी टेकत भट्टीवर गेलो. तिची आई विटा थापत होती. मला पाहून हात न धुताच उठली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “बुवा, चुकली पोर. परत नाही करायची.” आणि मुलीला ओढून पुढे केले, “पड, बुवांच्या पाया पड.” ती पडली. माझ्या पायावर चिखलाचे दोन लहान हात. हातावर ओरखडे.

माऊली, आयुष्यात हजारो लोक पाया पडले. कीर्तन संपले की रांग लागायची. त्या पाया पडण्याने जेवढा लाजलो, तेवढा कधी लाजलो नाही. मी मागे सरलो. म्हणालो, “बाय, चूक माझी आहे. हे घे.” आईने शेंगा पदरात घेतल्या, कारण बुवांना नाही म्हणायचे नसते. मुलीने घेतल्या नाहीत. ती आईच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती, आधी वेलाकडे बघायची तशी नव्हे. त्यानंतर ती पंपावर आली तरी पलीकडच्या वाटेने जायची. माफी मागितली की झाले, असे आपल्याला वाटते. मागणाऱ्याचे होत असेल. ज्याच्यावर ओरडलो त्याचे झाले की नाही, ते त्याच्या हाती.

वेलाचे काय झाले, तेही सांगतो, कारण खरे निरूपण त्यानेच केले. बारशीला मी सगळ्या शेंगा एकदम तोडल्या. मला वाटले, आता नवा बहर येईल. आला नाही. शेंड्याची फुले थांबली होती. नंतर एका जाणत्या शेतकऱ्याने सांगितले की वाटाण्याची शेंग वेलावर पिकू दिली की वेल समजतो, आपले काम झाले, बी तयार झाले, आणि फुलणे सोडून देतो. कोवळी तोडत राहिलात तर तो फुलत राहतो. त्यात ऊन वाढले, आणि माघ संपता संपता वेल खालून पिवळा पडला. रोज मूठभर दिल्या असत्या तर कितीतरी जास्त मिळाल्या असत्या. मी राखल्या, म्हणून कमी झाल्या. घ्या, देवाने हिशेबही करून दाखवला.

पण याची दुसरी बाजू राहू नये. सगळ्याच शेंगा खायच्या नसतात. वेलावर चुकून राहिलेल्या चार-पाच शेंगा मी वाळू दिल्या, त्यांचे बी धरले. तेच सुरकुतलेले दाणे. वाटाण्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे बी जातीला धरून राहते. तेव्हा राखण्याचे दोन प्रकार झाले. बियाण्यासाठी राखलेले पुढच्या वर्षी मातीत जाते, पुन्हा दिले जाते. मानासाठी राखलेले निबर होते आणि दोरे होऊन ताटाच्या कडेला पडते. वेल मी मुळासकट उपटला नाही, जमिनीलगत कापला. वाटाण्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांतले सूक्ष्म जीव हवेतले नत्र धरून ठेवतात, आणि मुळे मातीत कुजली की ते पुढच्या पिकाच्या कामी येते. जाताना तो वेल जमिनीत आपली पुंजी ठेवून गेला. कुणासाठी, हे त्याने विचारले नाही. ब्रनोच्या त्या साधूसारखाच.

यंदाच्या कार्तिक वद्यात पुन्हा बी टोकले. या वेळी एक ओळ कुंपणाच्या बाहेर, पंपाच्या वाटेला लागून लावली. आमच्या मंडळी म्हणाल्या, “शेळ्या खातील.” शेळ्यांनी खाल्लीच, अर्धी. अर्धी राहिली आहे. तिला मी कारवीच्या काठ्या लावल्या आहेत, थोडे काटेही लावले आहेत, पण लेकराचा हात जाईल इतकी जागा ठेवून. ते कुटुंब यंदा दुसऱ्या भट्टीवर गेले असे कळले. म्हणजे ज्या मुलीसाठी ओळ लावली, ती या वाटेने येणार नाही. दुसरी मुले येतात. त्यांना माझा गळा ठाऊक नाही, हे बरे आहे. शेंगा अजून लागायच्या आहेत. लागल्या की मी त्या मोजणार नाही असे ठरवले आहे. सवय जुनी आहे, तेव्हा नक्की सांगत नाही.

माऊली, तुमच्या घरी वाटाणा नसेल. पण शिंके असेल. कुणी सप्ताहाच्या पंगतीसाठी पैसे बाजूला ठेवले असतील, कुणी देवळाच्या कळसासाठी, कुणी वारीतल्या अन्नदानासाठी. ते चांगलेच आहे, ठेवा. फक्त ते ठेवलेले असताना दारात कुणी आले आणि तोंडात शब्द आले, “ते देवाचं आहे,” तर क्षणभर थांबा आणि स्वतःलाच विचारा: हे कुठल्या मथुरेला चालले आहे? मी विचारले नाही. म्हणून हे लिहायची पाळी आली.

रामकृष्ण हरी.